‘राहू दे, मी करतो’ हे न म्हणता : न दिसणारी मुलं, त्यांचं घर आणि कोडिंग

प्रश्न रेणापूर तालुक्यातल्या एका आईचा आहे. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत, जन्मापासून दिसत नाही. ब्रेल येतं, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. थोरला भाऊ नववीत, तो डोळस. शाळेत कोडिंगचे, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायला शिकण्याचे, तास सुरू झालेत आणि त्या तासाला हिला ‘तू गाणी म्हण’ म्हणून बाजूला बसवतात. तालुक्यात अशी आणखी तीन-चार लेकरं आहेत. घरच्यांसकट सगळ्यांची मिळून एक कार्यशाळा घ्यावी असं या ताईंच्या आणि एका शिक्षकांच्या मनात आहे. त्या विचारतात : न दिसणाऱ्या मुलीला कोडिंग खरंच जमेल का? आणि मला स्वतःला कॉम्प्युटरचं बटणसुद्धा माहीत नाही, तर मी तिथं बसून करू काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जमेल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी सगळं उत्तर देणार आहे, कारण कार्यशाळा चांगली होते की वाया जाते हे त्याच्यावरच ठरतं.

आधी माझ्याबद्दल. मी स्वतः पूर्ण अंध आहे. नवव्या वर्षी दृष्टी गेली. गेली १४ वर्षं लातूर, परभणी, बीड या भागात मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. माझ्या घरी माझ्यावर सगळ्यांचा फार जीव होता आणि त्या जिवापोटी एक वाक्य दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचं : ‘राहू दे, मी करतो.’ पाणी घ्यायला उठलो, राहू दे. बुटाची लेस बांधायला बसलो, राहू दे. वडील गेल्यावर मी चहा करायला शिकलो, तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. म्हणून सांगतो, घरच्यांना कार्यशाळेला बोलवायचं ते मुलाला मदत करायला नाही. त्यांनी त्याच्याकडून शिकायला यायचं.

माझी पहिली कार्यशाळा या एका गोष्टीमुळे फसली. एका शाळेत डोळस स्वयंसेवकांच्या भरवशावर मी स्क्रॅच घेतलं होतं. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं हे कोडिंगचं साधन डोळस मुलांसाठी फार सुंदर आहे. रंगीत ठोकळे माउसने ओढून एकाखाली एक लावायचे आणि पडद्यावर मांजर चालतं. पण पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते ठोकळे नीट वाचता येत नाहीत, आणि माउस तर आमच्या कामाचाच नाही. आम्ही पुठ्ठ्याचे ठोकळे कापून मुलांच्या हातात दिले आणि पडद्यावरचं काम त्यांच्या भावा-बहिणींनी केलं. टाळ्या झाल्या, आया खूश होत्या. निघताना एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, मांजर खरंच चाललं का?” दिवसभर बसून त्याला एवढंही कळलं नव्हतं. त्या रात्री मी ठरवलं की ज्या प्रोग्रामचं उत्तर कानाला किंवा बोटांना कळत नाही, तो माझ्या वर्गात येणार नाही.

आता तुमच्या कार्यशाळेकडे येऊ.

सहा घरं बोलवा, त्याहून जास्त नको. चार घरं न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्या मुलांची आणि दोन त्यांच्याच वर्गातल्या डोळस मित्र-मैत्रिणींची. ही दोन घरं महत्त्वाची आहेत. सोमवारी शाळेत तुमच्या मुलीला पुन्हा गाणी म्हणायला बसवलं, तर “बाई, तिला येतं की” असं म्हणणारं कुणीतरी त्या वर्गात हवं. मुलं शोधायला गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे जा. कुठल्या गावात कोण मूल आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. दिव्यांगत्वाचा दाखला निघाला नाही म्हणून एखादं मूल अडवू नका.

सलग दोन दिवसांचं शिबिर घेऊ नका. दोन रविवार घ्या, मध्ये एक आठवडा जाऊ द्या. खरं शिक्षण त्या मधल्या आठवड्यात घरी होतं. तारीख धरताना पंचांग आणि शेत दोन्ही बघा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत आपल्याकडची एकही आई घराबाहेर पडणार नाही. दसरा झाला की ऊसतोडीला जाणारी घरं हलतात आणि लेकरंही बरोबर जातात. मला पितृपक्षातले रविवार बरे पडलेत. शुभकार्यं नसतात, त्यामुळे हॉल मोकळे आणि माणसंही मोकळी. फक्त त्या वर्षी सोयाबीन लवकर काढणीला आलं नाही ना, एवढं विचारून घ्या.

जागेसाठी एमएस-सीआयटीचं केंद्र बघा. रविवारी बहुतेक ठिकाणी बंद असतं आणि आठ-दहा कॉम्प्युटर तयार मिळतात. ‘आमच्या मशिनमध्ये काही टाकू नका’ अशी केंद्रचालकांची भीती असते. त्यावर उपाय आहे. एनव्हीडीए नावाचं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरूनही चालतं, मशिनमध्ये बसवावं लागत नाही. ते फुकट आहे आणि त्यात मराठी आवाजही येतो. पायथन, म्हणजे आपण ज्या भाषेत प्रोग्राम लिहिणार ती, मात्र केंद्रचालकांना विचारून आदल्या दिवशी बसवून, चालवून, तपासून ठेवा. ते सकाळी मुलांसमोर करायला गेलात तर अर्धा दिवस जातो. वीज जाते हे धरूनच चला. लॅपटॉप असतील तर ते घ्या, नसतील तर वीज नसताना करायचे खेळ हाताशी ठेवा. ते पुढे सांगतो.

या एनव्हीडीएची गोष्ट पालकांना मी आवर्जून सांगतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या तरुणाने ते लिहायला घेतलं आणि जेम्स तेह त्याच्या जोडीला आला. दोघेही अंध. त्या वेळी असली सॉफ्टवेअर इतकी महाग होती की सामान्य माणसाला परवडत नव्हती. जगभरातली न दिसणारी माणसं आज ज्याच्या जोरावर कॉम्प्युटर चालवतात, ते न दिसणाऱ्यांनीच लिहिलंय. आणि ते बहुतांशी पायथन भाषेत लिहिलेलं आहे. तुमची मुलगी शिकणार आहे, तीच भाषा.

सकाळी माणसं आली की पहिली गोष्ट, सगळ्या कॉम्प्युटरचे माउस काढून पिशवीत ठेवा. दुसरी, पडदे बंद करा. मॉनिटरचं बटण दाबा, काम झालं. आता खोलीत सगळे सारखे. काही जण डोळस पालकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका, अशी हात जोडून विनंती आहे. पट्टी बांधलेला बाप दहा मिनिटं चाचपडतो, घाबरतो आणि पट्टी काढताना त्याच्या मनात येतं, ‘माझं लेकरू रोज अशा अंधारात जगतं.’ हे खरं नाही. लेकरू न दिसण्यात वर्षानुवर्षं राहून तिथले रस्ते शिकलेलं असतं, बापाला ते रस्ते माहीत नसतात. बापाच्या मनात दया येते, समज येत नाही. पडदा बंद केला की कुणी घाबरत नाही. फक्त ऐकावं लागतं, आणि ऐकण्यात मूल पुढे असतं.

याच्यातून एक गोष्ट झाली, जिचा मी आधी विचारही केला नव्हता. आपल्याकडच्या अनेक आयांना लिहिता-वाचता फारसं येत नाही. शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमात त्या मागे, भिंतीला टेकून, पदर सावरत बसतात. पडदा बंद झाला आणि सगळं कानावर आलं, तेव्हा त्या पुढे सरकल्या. वाचायचं कुणालाच नव्हतं. मानवतकडची एक माय दुसऱ्या रविवारी कीबोर्डवरची सगळी अक्षरं आवाजावरून ओळखत होती. तिने आयुष्यात पाटी धरली नव्हती. ताई, ‘मी तिथं बसून करू काय’ याचं अर्धं उत्तर इथं आहे. तुम्ही बसायचं नाही, शिकायचं.

पहिला तास ब्रेलचा ठेवा आणि शिकवणारं मूल असू द्या. अंड्यांचे मोठे ट्रे मिळतात ना, त्यातून दोन उभ्या ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन खोबे असा तुकडा कापायचा. झाली ब्रेलची एक चौकट. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. टिंब म्हणजे चेंडू, लिंबू, काहीही. मग मुलीने आईला ‘आई’ लिहायला शिकवायचं. आ म्हणजे ३, ४, ५ आणि ई म्हणजे ३, ५. दोन तुकडे, पाच लिंबं. आयांचे हात इथे थरथरतात, हे मी अनेकदा ऐकलंय. लिंबू खोब्यावर दोनदा वाजतं.

मग मोजायला लावा. एका खोब्यात लिंबू आहे किंवा नाही, दोनच शक्यता. दोन खोबे झाले की चार, तीन झाले की आठ, आणि सहा खोब्यांच्या ६४. रिकामी चौकट सोडली तर ६३ खुणा, आणि त्यात भारतीय भाषा, गणित, संगीत सगळं बसतं. कॉम्प्युटरही असाच, आहे-नाही, आहे-नाही या दोन शब्दांवर चालतो. एका खोब्याला तो बिट म्हणतो. कॉम्प्युटरसाठी जे ब्रेल वापरतात त्यात आठ टिंबं असतात, म्हणजे २५६ शक्यता, म्हणजे बरोबर एक बाइट. नववीतल्या भावाला हे पुस्तकात पाठ करावं लागतं आणि बहीण ते बोटांनी रोज वाचत असते. हे त्याच्या ध्यानात आलं की त्या दोघांचं नातं थोडं हलतं. ते हलू द्या.

दुसरा खेळ सुतळीचा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, दीड तास तरी. प्रत्येक घराला हातभर सुतळी, मोठे मणी, शर्टाची बटणं आणि चिंचोके द्या. चिंचोक्यांना आधी दाभणाने भोकं पाडून आणा. मणी म्हणजे टाळी, बटण म्हणजे मांडीवर थाप, चिंचोका म्हणजे एक मात्रा गप्प. मुलाने सुतळीत ओवायचं आणि घरच्यांनी ते वाजवायचं. मूल प्रोग्राम लिहिणारं, आई-बाप-भाऊ मशिन. मशिनने डोकं चालवायचं नाही. सुतळीवर जे आहे तेच करायचं, चुकलेलं असलं तरी.

आपल्या मुलांना भजनातली धुमाळी, लेझमीचे ठोके अंगात मुरलेले असतात. ती लगेच काहीतरी ओवतात. मग सांगायचं, आता हेच चार वेळा वाजवा. पहिल्यांदा मूल तेच मणी चार वेळा ओवायला बघतं आणि मणी संपतात. तेव्हा गाठ शिकवायची. सुरुवातीला एक साधी गाठ, शेवटी जितक्या वेळा फिरायचं तितक्या बारीक गाठी. बोट शेवटच्या गाठींवर आलं की पुन्हा पहिल्या गाठीवर जायचं. याला लूप म्हणतात हे मी तेव्हा सांगत नाही. दुपारी कॉम्प्युटरवर सांगतो. तेव्हा एखादं मूल ओरडतंच, “सर, ही तर गाठ!”

चुका व्हाव्यात अशीच माझी इच्छा असते. एका घरात बाप टाळी वाजवायचा तिथं थाप मारत होता आणि मुलीला वाटलं आपलंच चुकलंय. मी म्हणालो, सुतळीवर बोट ठेव आणि त्यांना एकेक मणी वाजवायला सांग. ती एकेका मण्यावर थांबत गेली, चौथ्यावर बोट रोवलं आणि म्हणाली, “पप्पा, इथं मणी हाय. तुम्ही थाप मारायलात.” बाप म्हणाला, “हाव, माझंच चुकलं.” त्या मुलीने आपल्या बापाच्या तोंडून हे वाक्य आधी कधी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने सुतळी पुन्हा पहिल्यापासून वाजवून घेतली.

परदेशात याच कल्पनेवर बनवलेला एक संच मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी प्रोजेक्ट टोरिनो या नावाने तो घडवला आणि पुढे अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंडने कोड जंपर म्हणून आणला. हातात मावतील अशा डब्या, त्यांना जोडायच्या वायरी, आणि जोडत गेलं की गाणं किंवा गोष्ट वाजते. कुणी दिला तर जरूर घ्या. नसला तर सुतळी आहे आणि सुतळीचं काम वीज गेली तरी चालतं.

आता ‘राहू दे’बद्दल. वर्गात एकच नियम सांगतो आणि तो मोठ्यांना आहे : मुलाच्या हाताला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर विचारायचं, आणि मग तुमचा हात खाली, मुलाचा हात वर. मुलाचा हात धरून ओढत नेला तर त्याला ओढणं कळतं, कळ कुठे आहे ते कळत नाही. तुमच्या हातावर त्याचा हात असला तर तो स्वतः येतो आणि हवं तेव्हा सुटतो. आयांना हे फार अवघड जातं. अकरा वर्षं ज्या लेकराला हाताला धरून चालवलं, त्याचा हात सोडून बसायचं. म्हणून त्यांच्या हातात मी काम देतो. सुतळी धरा, मणी मोजा, वेळ लावा. रिकामा हात आपोआप लेकराकडे जातो.

भावंडांचं वेगळं असतं. डोळस भावाला उत्तर आधी येतं आणि तो हळूच कानात सांगतो. त्याला रागावू नका. त्याला दुसऱ्या घरच्या मुलाशेजारी बसवा. तिथं तो सांगत नाही, विचारतो.

जेवणानंतर कॉम्प्युटर. कीबोर्डच्या एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. डोळस माणसांनी तो कधी हाताळून पाहिलेला नसतो. मुलांना तर्जन्या तिथे ठेवू द्या. मग एनव्हीडीए चालू असताना इन्सर्ट आणि १ एकत्र दाबा. आता कुठलीही कळ दाबली तरी ती फक्त स्वतःचं नाव सांगेल, बाकी काही करणार नाही. सगळ्या घराला अर्धा तास असंच खेळू द्या. काही मोडेल ही भीती इथे जाते, आणि ती मुलांपेक्षा आई-वडिलांना जास्त असते. हेडफोन द्यायचे तर एकाच कानाला लावायला सांगा. दुसरा कान माणसांसाठी मोकळा हवा.

बोलण्याचा वेग पहिल्यांदा कमी ठेवा, पण जे मूल आधीपासून मोबाइलवर टॉकबॅक, म्हणजे मोबाइलचा पडदा वाचून दाखवणारी सोय, वापरतं त्याला त्याचा वेग ठेवू द्या. तो आवाज इतका पळतो की बापाला एक शब्द कळत नाही. “हे काय बोलायलंय?” असं तो विचारतो आणि मूल त्याला उलगडून सांगतं. यापेक्षा चांगला क्षण मी मुद्दाम घडवून आणू शकलो नसतो.

शिक्षकांसाठी तीन गोष्टी, ज्या शिकायला मला महिने लागले. एक, एनव्हीडीए सुरुवातीला सगळी विरामचिन्हं वाचत नाही. इन्सर्ट आणि पी दाबत जाऊन सगळी चिन्हं वाचण्यावर आणा. नाहीतर कंस आणि अवतरणचिन्ह सुटलेलं मुलाला ऐकूच येत नाही आणि ते बिचारं स्वतःला ढ समजतं. दोन, पायथनबरोबर येणारी आयडल नावाची खिडकी पडदा-वाचकाला नीट साथ देत नाही. सुरुवात कमांड प्रॉम्प्ट या विंडोजच्या साध्या खिडकीत पायथन उघडून करा. एक ओळ लिहिली, एंटर दाबलं, लगेच उत्तर ऐकलं. पुढे प्रोग्राम लिहायला नोटपॅड किंवा व्हीएस कोड ही सॉफ्टवेअर. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना नाव अवतरणचिन्हांत लिहा, म्हणजे शेवटी .txt हे नको ते शेपूट लागत नाही. तीन, पायथनमध्ये ओळीच्या आधी किती जागा सोडली याला अर्थ असतो. डोळस माणसाला ते दिसतं. एनव्हीडीएच्या दस्तऐवज स्वरूपाच्या सेटिंगमध्ये ओळीचा समास सांगण्याची सोय आहे, बोलून किंवा सुराने. सूर निवडला तर जागा वाढेल तसा सूर चढतो. हार्मोनियम शिकलेली मुलं हे पटकन उचलतात.

पहिला प्रोग्राम आवाजाचा करा. विंडोजवरच्या पायथनमध्ये विनसाउंड म्हणून एक भाग आपोआप येतो. त्याच्या बीपला दोन आकडे द्यायचे, सूर किती उंच आणि किती वेळ. ४४० आणि ५०० दिले की अर्धा सेकंद सूर वाजतो. सकाळची सुतळी पुढ्यात ठेवायची आणि तीच चाल कॉम्प्युटरवर वाजवायची. मण्याला उंच सूर, बटणाला खालचा, गाठीला फॉर, म्हणजे पायथनमधला लूप. संध्याकाळी खोलीत सहा कॉम्प्युटर सहा चाली वाजवत असतात. गोंगाट होतो. होऊ द्या.

कमी दिसणाऱ्या मुलांबद्दल थोडं, कारण त्यांच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ‘थोडं दिसतं ना, मग मोठं करून दे’ एवढ्यावर भागत नाही. ज्याची नजर नळीतून पाहिल्यासारखी अरुंद झालीय, रातांधळेपणाच्या काही आजारांत हे होतं, त्याला अक्षर मोठं केलं की उलट कमी दिसतं, कारण एका नजरेत दोनच अक्षरं मावतात. कुणाला काळ्यावर पिवळं बरं, कुणाला उजेडाचाच त्रास. मुलालाच विचारा आणि त्याचा पडदा त्याच्यापुरता चालू ठेवा. पण ऐकून काम करणंही त्याला शिकवा. डोळे ताणून संध्याकाळी डोकं दुखणारी कितीतरी मुलं मला भेटतात. ‘मी आंधळा नाही’ हे सिद्ध करायला ती ताणत राहतात.

एका घरात दोन-दोन मुलांना न दिसणं आपल्याकडे नवीन नाही. नात्यातल्या लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण चहाच्या सुट्टीत कुणी आजी सुनेला त्यावरून बोलायला लागली तर तिथल्या तिथे थांबवा. आनुवंशिक आजार दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, आणि त्या खोलीत कुणाही आईने मान खाली घालायची नाही.

मधल्या आठवड्याचा अभ्यास असा द्या : घरातला एक हिशोब शोधून आणायचा. कोडिंग घराच्या कामाचं झालं तरच घर ते टिकवतं. दुधाचा, बचत गटाचा, मजुरीचा, कुठलाही. घरी कॉम्प्युटर नसतो, हरकत नाही. ओटीजीची छोटी वायर लावून साधा कीबोर्ड मोबाइलला जोडता येतो, टॉकबॅक चालू करून टायपिंगचा सराव होतो. प्रोग्राम ब्रेलमध्ये कागदावर लिहून आणला तरी चालेल.

अंबाजोगाईकडचा एक मुलगा बापाची आडतीवरची पट्टी घेऊन आला होता. बापाने ती वाचून दाखवली, त्याने ब्रेलमध्ये उतरवली. सोयाबीन १२ क्विंटल ४० किलो, भाव ४,३००, त्यातून हमाली-तोलाई वजा. मुलाला आधी हिशोब सोपा करून बघायचा होता, म्हणून त्याने वजन विचारून फक्त दुप्पट करणारी ओळ लिहिली. बापाने १२ सांगितले. कॉम्प्युटर म्हणाला, बाराशे बारा. बाप हसला, पोरगं गप्प झालं. मी काही सांगितलं नाही. त्याने अक्षर-अक्षर ऐकत ओळ पुन्हा वाचली, मग उत्तर अंक-अंक करून ऐकलं. एक, दोन, एक, दोन. आणि म्हणाला, “सर, ते बाराला आकडा समजंना गेलंय. बारा हा शब्द दोनदा लिहायलंय.” अगदी बरोबर. पायथनमध्ये इनपुटने घेतलेली गोष्ट मजकूर असते, तिला आकडा करावं लागतं. त्याने मजकुराचा आकडा करणारं फ्लोट लावलं. मग १२.४ गुणिले ४,३००, आलं ५३,३२०. बापाने खिशातून पट्टी काढून पुन्हा बघितली आणि पुढचा भाव सांगितला. मग त्याच्या पुढचा. जेवायला बोलावलं तरी दोघं उठले नाहीत.

उद्घाटन, शाल-नारळ, बक्षीसवाटप ठेवू नका. गावातली चांगली माणसं प्रेमाने विचारतील, नाही म्हणणं अवघड जाईल. तरी नाही म्हणा. मुलाच्या हातात स्टेजवर पिशवी देऊन फोटो काढला की दिवसभर शिकवणारं मूल एका क्षणात घेणारं होतं. त्यांना यायचंच असेल तर दुपारी येऊन एखाद्या मुलासमोर बसू द्या आणि पडदा बंद असताना स्वतःचं नाव टाइप करायला शिकू द्या.

“पुढे याचा उपयोग काय” असं पालक विचारणारच. त्यांना टी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगा. पुण्यात जन्मले, काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुण्यात गणित शिकले, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी. गणिताची समीकरणं ऐकून समजतील अशी पद्धत त्यांनी घडवली, न दिसणाऱ्या प्रोग्रामरांसाठी एमॅकस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि पुढे गूगलमध्ये काम केलं. तुमची मुलगी रामन होईल असं मी म्हणत नाही, तसं कुठल्याच मुलाबद्दल म्हणू नये. पण ही वाट पुण्यातल्या एका मुलाने कधीच चालून दाखवलीय, एवढं पालकांना माहीत असलेलं बरं.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. सुतळी, मणी, ट्रे, चहा-खिचडी, दोन दिवसांचं वीजबिल. एसटीला दिव्यांग सवलत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, कार्डं बरोबर आणायला आधी फोन करून सांगा.

दुसऱ्या रविवारी निघताना प्रत्येक घराकडून मी एकच कबुली घेतो : कीबोर्ड कपाटावर जाणार नाही. मुलाचा हात पोचेल अशा ठिकाणी, रोज त्याच जागेवर राहील, आणि कुणी तो न सांगता हलवणार नाही. महिन्याने फोन करतो तेव्हा प्रोग्राम किती लिहिले हे विचारत नाही. कीबोर्ड कुठं ठेवलाय ते विचारतो, आणि फोन मुलाकडे द्यायला सांगतो.

ताई, तुम्ही पहिल्या रविवारच्या आधी एक करा. मुलीकडून ‘आई’ लिहायला शिकून घ्या, पाटीवर आणि कलमाने. पाटीवर ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून वाचतात, त्यामुळे पहिल्यांदा उलटसुलट होईल. तिला दुरुस्त करू द्या. आणि अंड्यांचे ट्रे दोन-चार जास्तीचे आणा. लिंबं ठेवून ठेवून ते मऊ पडतात.